चौकट आहे, चित्र नाही : दीर्घ दस्तऐवजांतील लुप्त चित्रांचा आढावा

वर्धा जिल्हा विस्ताराने लहान, तालुके अवघे आठ; परंतु लिहिण्याची, लिहिलेले जपण्याची आणि जपलेले पुढच्या माणसाच्या हाती सोपविण्याची जी सवय एखाद्या मुलखाच्या अंगी मुरावी लागते, ती या जिल्ह्याच्या अंगी फार पूर्वीच मुरलेली आहे. १९३६ साली येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी गांधीजी त्या वेळच्या सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे सावंगीला दुसरे निघाले, आणि १९९७ साली महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाची स्थापना झाली. या महाविद्यालयांचा आणि विश्वविद्यालयाचा एक समान व्यवहार असा की तेथे दरसाल प्रबंध लिहिले जातात. आणि प्रबंध वैद्यकाचा असो, शिल्पाचा असो वा लोककलेचा, त्याच्या प्रतिपादनाचा निम्मा भार शब्दांवर आणि निम्मा चित्रांवर असतो. सूक्ष्मदर्शकाखालील पेशींचे छायाचित्र गळून पडले, की त्याखालचा निष्कर्ष हा निव्वळ लेखकाचा शब्द उरतो.

पूर्वी असा दोष एका ग्रंथालयातील एका प्रतीपुरता मर्यादित असे. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करण्याचा दंडक घातला, आणि ती प्रत आता गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडील 'शोधगंगा' या भांडारात जमा होते; तेव्हा एखाद्या प्रबंधातील पान १४७ वरील रिकामी चौकट ही वर्ध्याच्या कपाटात न राहता देशभरच्या अभ्यासकांसमोर, आणि बहुधा कायमची, रिकामीच राहते. या कारणाने हा प्रश्न वरवर कारकुनी दिसला तरी ज्ञानव्यवहाराच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच त्याचा साकल्याने आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका दुपारी, वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, हिंगणघाटकडील एक संशोधक मुलगी पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरून माझ्याकडे आली. जिल्ह्यातील जुने वाडे आणि पाषाणशिल्पे हा तिचा विषय. प्रबंध ३८० पानांचा, छायाचित्रे १८०, आणि प्रत सादर करण्यास अवधी आठ दिवसांचा. "सर, दुकानात देला तवा सारेच फोटो होते जी, आज उघडून पाह्यलं तं नुसत्या चौकटी!" एवढेच ती म्हणाली. आम्ही दोघांनी बसून मोजदाद केली तेव्हा ध्यानात आले, की सर्वत्र नुसत्या चौकटी नव्हत्या. गैरहजेरीचे तीन निरनिराळे प्रकार त्या एकाच दस्तऐवजात एकवटले होते. ८८ छायाचित्रे शाबूत होती. ४१ ठिकाणी चित्राच्या जागी करंगळीच्या जाडीएवढी एक रंगीत पट्टी दिसत होती. २९ ठिकाणी चौकट होती आणि तिच्या कोपऱ्यात तांबडी फुली. उरलेल्या २२ ठिकाणी चौकटही नव्हती. वर मजकूर, खाली 'छायाचित्र क्रमांक' अशी ओळ, आणि मधे काहीच नाही. व्यवहारात या तिन्हींना आपण 'फोटो उडाले' असे एकच नाव देतो, आणि माझ्या मते या प्रश्नातील निम्मी हानी या एका नावामुळे होते. कारण जे दिसत नाही, जे सापडत नाही आणि जे मुळात उरलेच नाही, या तिघांची निदाने वेगळी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले असता जे शाबूत आहे तेही हातचे जाते.

मजकूर आणि चित्र यांचे बिऱ्हाड पहिल्यापासूनच वेगळे आहे, हे थोडे मागे जाऊन पाहिले तर उमगते. खिळ्यांच्या छपाईच्या काळी मजकूर शिशाच्या खिळ्यांत जुळविला जाई आणि छायाचित्राचा जस्ताचा वा तांब्याचा ब्लॉक स्वतंत्र तयार होऊन येई. फोरमन त्या मापाची जागा राखून ठेवी आणि छपाईच्या वेळी ब्लॉक तेथे बसवी. ज्या ग्रंथांत छायाचित्रांची सूक्ष्मता मोलाची असे, तेथे ती चकचकीत कागदावर निराळी छापून पुस्तकास जोडीत. खिळ्यांच्या छपाईच्याच त्या काळी वर्ध्याजवळच्या पवनारला १९६७ साली उत्खनन झाले आणि शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी लिहिलेला त्याचा वृत्तांत नागपूर विद्यापीठाने पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्या पिढीच्या संशोधकांना आपले छायाचित्र कोणत्या छापखान्यात, कोणत्या खणात, कोणत्या क्रमांकाखाली आहे हे सांगता येत असे. पुढे संगणक आला आणि मराठी छपाई पेजमेकरवर गेली, तरी हा वेगळेपणा टिकून होता. २५६ किलोबाइटपेक्षा मोठे चित्र घातले की पेजमेकर विचारी, की याची पूर्ण प्रत दस्तऐवजातच ठेवावयाची काय. आणि 'नको' म्हणणाऱ्या ऑपरेटरास चित्रांचा फोल्डर सोबत न्यावाच लागे. तो न नेणाऱ्याला छापखान्यातून परत फिरावे लागे, आणि एकदा परत फिरलेला माणूस दुसऱ्यांदा विसरत नसे. वर्डसारख्या लेखनसाधनाने हा वेगळेपणा दृष्टीआड केला. चित्र पानावर चिकटलेले दिसते, म्हणून ते पानातच आहे असे वाटू लागले.

वस्तुस्थिती तशी नाही. २००७ च्या ऑफिसपासून वर्डची जी 'डॉकेक्स' धाटणी रूढ झाली, आणि जिला २००८ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, ती मूलतः एक झिप गठडी आहे. या गठडीत मजकुराचा एक कागद असतो, 'मीडिया' नावाच्या खणात चित्रे क्रमांकाने ठेवलेली असतात, आणि या दोहोंमध्ये 'रेल्स' म्हणजे संबंधांची एक छोटी नोंदवही असते. मजकुराच्या कागदात चित्र कोठेच नसते. तेथे फक्त 'येथे संबंध क्रमांक बारा' एवढाच उल्लेख असतो, आणि संबंध क्रमांक बारा म्हणजे मीडिया खणातील नववे चित्र, हे नोंदवही सांगते. आपल्याकडील जमिनीच्या दप्तराशी याचे साम्य विलक्षण आहे. सातबाऱ्यावर शेत नसते, त्याचा गट क्रमांक असतो. नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात निराळा असतो. आणि शेत तर तिसऱ्याच ठिकाणी, उन्हात पडलेले असते. नोंद चुकली म्हणून शेत नाहीसे होत नाही, आणि नोंद बिनचूक असली म्हणून शेत नदीने कापून नेलेले नाही असेही ठरत नाही. चित्र दिसत नाही असे म्हणणाऱ्याने पहिला प्रश्न हाच करावयास हवा, की नोंद बिघडली, वाट बिघडली, की माल गेला?

याचा निवाडा करण्यास कोणतेही विकत घेतलेले साधन लागत नाही. मूळ दस्तऐवज बंद करावा आणि बंद करताना 'बदल जतन करावयाचे काय' असे विचारले गेल्यास निश्चयाने नकार द्यावा, कारण बिघडलेल्या अवस्थेवर जतनाचा शिक्का बसला की परतीची वाट अरुंद होते. मग त्याची एक प्रत काढावी, त्या प्रतीच्या नावाचे शेपूट बदलून 'झिप' करावे, ती उघडावी, आणि 'वर्ड' या फोल्डरातील 'मीडिया' हा खण पाहावा. त्या मुलीच्या बाबतीत तेथे १२९ चित्रे निघाली, म्हणजे शाबूत असलेली ८८ आणि पट्टीसारखी दिसणारी ४१. पट्ट्यांमागची छायाचित्रे पूर्ण आकारात, कणभरही न बिघडता तेथे बसलेली होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी जो उतरला, तो मी विसरलेलो नाही.

आता जे आहे पण दिसत नाही, त्याविषयी. यातील काही कारणे किरकोळ आहेत आणि ती झटकन सांगून टाकतो. वर्डच्या ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड या भागात, चित्रांऐवजी रिकाम्या चौकटी दाखविण्याची एक सोय आहे. मोठा दस्तऐवज चपळतेने सरकावा म्हणून ऑपरेटर ती चालू करतात आणि बंद करण्यास विसरतात. ड्राफ्ट या दृश्यात मजकुराभोवती तरंगती ठेवलेली चित्रे दिसतच नाहीत. पडद्यावर दिसणारी आकृती कागदावर न उमटण्याचे कारण बहुधा छपाईच्या मांडणीतील 'वर्डमध्ये काढलेल्या आकृत्या छापाव्यात' ही खूण काढलेली असणे, हे असते. तरंगते चित्र ज्या परिच्छेदाला नांगरलेले असते, तो परिच्छेद कोणी खोडला तर चित्रही निमूटपणे त्याच्याबरोबर जाते, आणि संपादनाच्या भरात हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या शेवटच्या कारणासाठी माझे मत असे झाले आहे, की प्रबंधात चित्र नेहमी ओळीत, एखाद्या मोठ्या अक्षरासारखे बसवावे. तरंगत्या चित्राची शोभा वृत्तपत्राच्या पानास शोभते, चारशे पानांच्या दस्तऐवजास ती परवडत नाही.

परंतु ओळीत बसविलेल्या चित्रालाही एक धोका आहे, आणि तो देवनागरीत लिहिणाऱ्यांना विशेषेकरून जाचतो. म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. रोमन लिपीच्या ओळीला जेवढी उंची पुरते तेवढी देवनागरीला पुरत नाही. आपल्या शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार चढतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय उतरतात. त्यामुळे मंगलसारखा फाँट ओळींमध्ये भरपूर अंतर राखून चालतो. आता मराठी परिच्छेदात मधेच एखादे इंग्रजी ग्रंथनाम आले की त्या ओळीची उंची शेजारच्या ओळींशी जुळत नाही, आणि पान खालीवर झाल्यासारखे दिसते. नीटनेटकेपणाची आवड असलेला ऑपरेटर यावर एक रामबाण तोडगा काढतो: सगळा दस्तऐवज एका दमात निवडून लाइन स्पेसिंगमध्ये 'एक्झॅक्टली' हा पर्याय घेतो आणि अठरा वा वीस पॉइंट असा आकडा भरतो. ओळी तर सरळ होतात; परंतु ओळीत बसलेले चित्र हेही वर्डच्या लेखी त्या ओळीतील एक अक्षरच असल्याने, अठरा पॉइंट उंचीच्या खिडकीतून त्याचा जेवढा भाग दिसेल तेवढाच दिसतो. पवनारच्या शिल्पाच्या छायाचित्रातून फक्त पायथ्याची एक पट्टी डोकावत होती, ती या कारणाने. या ४१ चित्रांवर लाल फुली नव्हती, कोणती सूचना नव्हती, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. दिलेला हुकूम त्याने बरहुकूम बजावला होता.

उपाय साधा आहे. एकेका चित्रावर जाऊन ओळीचे अंतर 'सिंगल' करता येते; पण ४१ ठिकाणी ते करण्यापेक्षा शोध आणि बदल या खिडकीत शोधाच्या रकान्यात ^ ही खूण आणि तिच्यापुढे इंग्रजी जी हे अक्षर लिहावे, म्हणजे वर्ड ओळीतील प्रत्येक चित्र शोधतो; आणि बदलाच्या रकान्यात ^ व & या दोन खुणा लिहून त्यांस 'सिंगल' अंतराचे परिच्छेदरूप द्यावे. चाळीसेक पट्ट्या एका निमिषात उघडल्या आणि चित्रे पूर्ण उंचीची झाली. कायमची सोय हवी असेल तर चित्रांसाठी 'चित्र' या नावाची स्वतंत्र स्टाइल करावी आणि ओळींच्या उंचीचा नियम फक्त मजकुराच्या स्टाइलला लावावा.

दुसरा प्रकार लाल फुलीचा. येथे नोंदवही सांगते, की हे चित्र गठडीत नाही, बाहेर अमुक ठिकाणी आहे. चित्र घालताना 'इन्सर्ट' या बटणाच्या शेजारच्या बाणाखाली 'लिंक टू फाइल' असा पर्याय असतो. तो निवडला की दस्तऐवजात चित्र येत नाही, त्याचा पत्ता येतो. दस्तऐवज हलका राहतो आणि मूळ चित्र सुधारले तर प्रबंधातही आपोआप सुधारते, हे त्याचे गुण खरे. परंतु तो पत्ता घराच्या पत्त्यासारखा पक्का नसतो. त्या मुलीच्या घरच्या संगणकाने पेनड्राइव्हला 'ई' हे अक्षर दिले होते, दुकानातील संगणकाने 'जी' दिले; एवढ्या एका अक्षराच्या फेरफाराने २९ छायाचित्रे बेपत्ता ठरली. फोल्डरचे नाव 'फोटो' चे 'फोटो नवीन' केले, तरी हेच होते. फाइल या मेनूतील माहितीच्या पानावर 'एडिट लिंक्स टू फाइल्स' अशी ओळ असते. तेथे अशा सर्व परावलंबी चित्रांची यादी त्यांच्या पत्त्यांसह मिळते, पत्ता बदलून देता येतो, आणि चित्र हाती लागल्यावर 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट' ही खूण करून ते कायमचे आत घेता येते. जुन्या 'डॉक' धाटणीच्या दस्तऐवजांत ऑल्ट आणि एफ९ ही कळींची जोडी दाबली की चित्रांच्या जागी त्यांचे पत्ते उघडे पडतात. एक सावधगिरी अवश्य बाळगावी: पत्ता जुळत नसताना दुवा तोडू नये, दुवा तुटला की चित्र कोठे होते याचा उरलेला एकमेव पुरावाही जातो, आणि मग शोध आंधळा होतो.

तिसरा प्रकार, ज्यात काहीच शिल्लक नव्हते, त्याचे मूळ शोधण्यास आम्हांस अर्धा दिवस लागला. आणि हेही कारण पुन्हा भारतीय भाषांच्या वाट्यासच आलेले आहे. ती २२ छायाचित्रे सर्वच्या सर्व पाचव्या प्रकरणातील होती. ते प्रकरण तिने आधी श्रीलिपीत टंकित करून घेतले होते, आणि उरलेला प्रबंध युनिकोडमध्ये असल्याने ते रूपांतरित करणे भाग होते. मराठीत श्रीलिपी आणि हिंदीत कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडात नेण्याची प्रचलित रीत अशी, की मजकूर उचलावा, रूपांतरकाच्या रकान्यात टाकावा, आणि रूपांतरित मजकूर परत आणून चिकटवावा. हा रकाना फक्त अक्षरे स्वीकारतो. चित्रे त्याच्या उंबरठ्यावरच गळून पडतात, तळटीपा गळतात, तक्ते विस्कटतात. आणि अक्षरे मात्र सुबक होऊन परत येत असल्याने कोणाला शंकाही येत नाही. वर्ध्यासारख्या गावी, जेथे हिंदी आणि मराठी दोन्हींत प्रबंध होतात आणि ऑपरेटरांच्या दोन पिढ्या जुन्या फाँटांवर वाढलेल्या आहेत, तेथे चित्रलोपाचे हे कारण इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत शोधून सापडावयाचे नाही. ती पुस्तके लिहिणाऱ्यांना हा प्रसंग कधी आलेलाच नसतो. रूपांतरापूर्वी प्रत्येक चित्राच्या जागी 'चित्र ५.७ येथे' अशी ओळ टंकित करून ठेवावी, एवढी एक खबरदारी घेतली तरी पुढचा अनर्थ टळतो, कारण ओळ ही अक्षरांची असल्याने ती रूपांतरातून सुखरूप पार पडते.

या तीन प्रकारांपलीकडे दस्तऐवजाच्या वजनाचा एक स्वतंत्र विचार आहे. वर्डच्या एका दस्तऐवजाची कमाल मर्यादा ५१२ मेगाबाइट आहे, त्यांत निव्वळ मजकुराची ३२. मजकूर ही मर्यादा सहसा गाठीत नाही, चित्रे मात्र गाठू शकतात. परंतु खरी अडचण याच्या आधीच सुरू होते. मोबाइलमधील ४००० गुणिले ३००० बिंदूंचे छायाचित्र डिस्कवर आवळलेल्या अवस्थेत चार मेगाबाइटांत मावते. तेच पडद्यावर दाखविण्यासाठी संगणकाच्या स्मृतीत उलगडले, की प्रत्येक बिंदूस चार बाइट या हिशेबाने ४८ मेगाबाइट जागा व्यापते. अशी १८० चित्रे एकसमयावच्छेदेकरून उलगडावयाची झाल्यास साडेआठ हजार मेगाबाइटांहून अधिक स्मृती लागेल; अर्थात कोणतेही लेखनसाधन तसे करीत नाही, ते लागतील ती चित्रे उलगडते आणि बाकीची मिटून ठेवते, आणि या उघडझाकीतच गफलत होते. गेल्या शतकाच्या अखेरीस, ३२ वा ६४ मेगाबाइट स्मृतीच्या संगणकांवर, मोठ्या दस्तऐवजात जी लाल फुली वारंवार दिसे ती या स्मृतीच्या तुटवड्याची असे. लिब्रेऑफिसमध्येही ही व्याधी बराच काळ होती, चित्राच्या जागी 'रीड-एरर' असे शब्द उमटत, आणि २०१८ च्या ६.१ या आवृत्तीत चित्रव्यवस्थेची नव्याने बांधणी झाली तेव्हा कोठे ती पुष्कळशी आटोक्यात आली.

यावर उपाय म्हणजे चित्र दस्तऐवजात घालण्यापूर्वीच मापात आणणे. पानावर सहा इंच रुंद छापावयाच्या चित्रास, इंचास ३०० बिंदू धरले तर, १८०० बिंदू पुरतात. एवढ्याने उलगडलेल्या चित्राचे वजन ४८ वरून दहा मेगाबाइटांच्या आत येते. वर्डला स्वतः चित्रे आवळू द्यावीत की नाही, याविषयी मतभेद आहेत. न सांगता तो जतन करताना चित्रे बहुधा इंचास २२० बिंदूंवर आणतो. पत्रव्यवहारास हे ठीक आहे, पण पेशींचे छायाचित्र किंवा क्ष-किरणचित्र असेल तर ही सोय ऑप्शन्समधून बंद करावी आणि माप आपल्या हाताने ठरवावे असे मला वाटते. निदानास लागणारा तपशील कोणता, हे यंत्राला ठरवू देणे योग्य नाही.

एका साधनातून दुसऱ्या साधनात जाताना होणाऱ्या हानीविषयी थोडक्यात. गूगल डॉक्सला ५० मेगाबाइटपर्यंतचाच दस्तऐवज आपल्या रूपात बदलून घेता येतो, त्यामुळे चित्रबहुल प्रबंध तेथे मुळात शिरतच नाही. वर्डमध्ये आकृत्या, बाण आणि अक्षरपेट्या एकत्र बांधून केलेले चित्र हे खरे तर चित्र नसून रेखाटनाच्या आज्ञांचा संच असतो, आणि दुसऱ्या साधनाला त्या आज्ञा तंतोतंत समजतीलच असे नाही. अशी रेखाटने अंतिम झाल्यावर त्यांचे एकसंध चित्र करून घालावे. ईपीएस ही छापखान्यांची जुनी आवडती धाटणी सुरक्षिततेच्या कारणास्तव ऑफिसमध्ये २०१७ साली बंद करण्यात आली. तेव्हा जुन्या प्रकाशनांतील नकाशे त्या धाटणीत असतील तर ते आधी बदलून घ्यावे लागतात. मॅकवरील जुन्या दस्तऐवजांत चित्राच्या जागी क्विकटाइम हवे असल्याचा इंग्रजी मजकूर दिसतो, त्याचेही कारण लोप पावलेली एक धाटणीच आहे.

राहिला प्रत्यक्ष नाशाचा प्रसंग. जतन चालू असताना वीज जाणे, पेनड्राइव्ह घाईने ओढून काढणे, यांमुळे गठडीचा शेवटचा भाग अपुरा राहतो. आणि झिपची अनुक्रमणिका नेमकी शेवटी असल्याने सगळी गठडीच उघडेनाशी होते. येथेही धीर सोडू नये. वर्डमधील 'ओपन अँड रिपेअर' आधी करून पाहावे. ते न साधल्यास झिप दुरुस्त करणाऱ्या साधनाने मीडिया खणातील चित्रे बहुतांशी परत मिळतात, कारण ती अनुक्रमणिकेच्या आधीच लिहिलेली असतात. 'डॉक' धाटणीचा दस्तऐवज उघडत असेल तर तो 'वेब पेज' म्हणून जतन करावा. शेजारी एक फोल्डर तयार होतो आणि सर्व चित्रे त्यात सुटी होऊन पडतात. प्रबंध पेनड्राइव्हवर उघडून तेथेच संपादित करण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे, ती मोडली पाहिजे. आधी संगणकावर उतरवून घ्यावा, काम संपवावे, आणि मग परत प्रत करावी.

एकच मोठा दस्तऐवज करावा की प्रकरणे वेगळी ठेवावीत, हा वाद जुना आहे. वर्डमध्ये 'मास्टर डॉक्युमेंट' म्हणून अनेक प्रकरणे एका छत्राखाली बांधण्याची सोय आहे. ती वापरणाऱ्या अनुभवी मंडळींत तिचा लौकिक चांगला नाही, आणि माझाही अनुभव तिच्या विरुद्ध जातो, कारण तीत चित्रांच्या दुव्यांवर आणखी एका थराचे दुवे चढतात. प्रकरणे अखेरपर्यंत निराळी ठेवावीत, चित्रे आत घेतलेली असावीत, आणि एकत्रीकरण फक्त शेवटी, पीडीएफ करण्याच्या वेळी करावे, ही रीत मला सर्वांत निर्धास्त वाटते. चित्रांचा मूळ फोल्डर मात्र ब्लॉकच्या खणासारखा क्रमांकवार वेगळा असलाच पाहिजे. सेवाग्रामचे आश्रमजीवन टिपणाऱ्या कनू गांधींनी फ्लॅश न वापरता, गांधीजींना छायाचित्रासाठी थांबावयास न सांगता आपली छायाचित्रे घेतली; तशा छायाचित्राची पुनरावृत्ती होत नसते, आणि क्षेत्रकार्यातील प्रत्येक छायाचित्र थोड्याफार प्रमाणात त्याच जातीचे असते.

त्या मुलीच्या प्रबंधाचे पुढे काय झाले, ते सांगतो. लाल फुल्यांची २९ छायाचित्रे तिच्या भावाच्या संगणकावरील फोल्डरात सर्वच्या सर्व मिळाली. पाचव्या प्रकरणासाठी, ते जेथे टंकित करून घेतले होते त्या आर्वी नाक्याजवळच्या दुकानात आम्ही गेलो. तेथील ऑपरेटरने कोणतीही कुरकुर न करता अडगळीतला जुना संगणक जोडून दिला, आणि त्यावर श्रीलिपीतील एक आधीचा मसुदा निघाला, ज्यात २२ पैकी १५ चित्रे होती. उरलेल्या सातांपैकी सहांतील शिल्पे जागच्या जागी उभीच होती. पवनारला धाम नदीकाठी आणि केळझरला ती मुलगी पहाटेच्या गाडीने गेली आणि ऊन चढण्यापूर्वी ती शिल्पे पुन्हा टिपून आली. सातवे छायाचित्र आर्वी तालुक्यातील एका वाड्याच्या नक्षीदार सागवानी चौकटीचे होते, आणि तो वाडा मधल्या काळात पाडला गेला होता. ते तिने घेतले त्याच संध्याकाळी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविले होते. आईच्या मोबाइलमध्ये ते सापडले, परंतु आक्रसलेले, १२८० बिंदू रुंदीचे. इंचास ३०० च्या हिशेबाने सव्वाचार इंच होत होते. तेवढ्याच रुंदीचे ते पान २११ वर बसविले, आणि खाली ते घेतल्याची तारीख घातली.